प्रतिकृती हेलिकॉप्टरचा विद्युत स्टार्टर : निवड, वीजपुरवठा आणि दक्षता

रेडिओ नियंत्रणावर उडणाऱ्या प्रतिकृती हेलिकॉप्टरचा इतिहास अर्ध्या शतकाहून थोडा जुना आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस व १९७० च्या आरंभी पश्चिम जर्मनीचे डीटर श्ल्यूटर यांनी हाती नियंत्रणात राहील असे पहिले व्यवहार्य मॉडेल सिद्ध केले आणि पुढे जपानी उत्पादकांनी त्याचा जगभर प्रसार केला. आज या छंदात विजेवर चालणाऱ्या मॉडेलांचे प्राबल्य असले, तरी मिथेनॉलवर चालणारी ‘ग्लो’ इंजिनाची हेलिकॉप्टरे अद्याप अनेकांच्या संग्रही आहेत. जुन्या संचातून ती वारशाने येतात, दुसऱ्या हाताने स्वस्तात मिळतात, आणि टाकी भरली की पुन्हा लगेच उडवता येतात. मात्र ती सुरू करण्यासाठी बाहेरून विद्युत स्टार्टर लावावा लागतो. विमानाच्या मॉडेलाचा पंखा एकवेळ काठीने किंवा हाताने फिरवता येतो. हेलिकॉप्टरचे इंजिन मात्र सांगाड्याच्या आत, शीतक पंख्याच्या आवरणाखाली दडलेले असते आणि तेथे हात पोहोचत नाही. म्हणून स्टार्टर ही येथे चैन नसून उपकरणाचा अपरिहार्य भाग ठरते.

सुरतसारख्या शहरात हा विषय वेगळ्या कारणानेही महत्त्वाचा आहे. यंत्रमाग, भरतकाम यंत्रे आणि हिऱ्यांच्या घंट्या यांच्यावर उभ्या असलेल्या या शहरात मोटर दुरुस्त करणारे, वाइंडिंग भरणारे व कार्बन ब्रश घासून बसवणारे कारागीर गल्लोगल्ली आढळतात. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक आहेत आणि यंत्राशी त्यांचा रोजचा संबंध आहे. परदेशी बनावटीचा स्टार्टर बिघडल्यास तो फेकून न देता दुरुस्त करण्याची सोय येथे सहज होऊ शकते. परंतु दोष मोटरीत आहे, बॅटरीत आहे की तारेत, हे ओळखता आले नाही, तर चांगली मोटर उगाच उघडली जाते आणि खरा दोष तसाच राहतो. निवड आणि वीजपुरवठा यांचे गणित समजून घेण्याचे प्रयोजन हेच आहे.

स्टार्टरला करावे लागणारे काम

ग्लो इंजिनात ठिणगी नसते. ग्लो प्लगमधील प्लॅटिनमयुक्त बारीक तार आरंभी विजेने तापवली जाते. त्यानंतर मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्यातील उत्प्रेरक क्रियेमुळे व प्रत्येक ज्वलनाच्या उष्णतेमुळे ती तप्तच राहते. इंजिन सुरू होण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात: तार लालभडक असणे, सिलिंडरमध्ये योग्य प्रमाणात इंधन पोहोचणे, आणि दट्ट्याने मिश्रण पुरेशा वेगाने दाबणे. पहिली गोष्ट ग्लो प्लगची बॅटरी करते, दुसरी कार्ब्युरेटर करतो, तिसरी स्टार्टर.

स्टार्टरला दोन गुण हवेत. दट्ट्या वर जाताना सिलिंडरमधील दाब मोडून काढील इतका टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हा पहिला. आणि कार्ब्युरेटरमधून इंधन ओढले जाईल इतका वेग हा दुसरा. टॉर्क अपुरा असल्यास मोटर दाबाच्या टप्प्यावर अडखळते. वेग अपुरा असल्यास इंजिन फिरते, पण पेट घेत नाही.

इंजिनांचे आकार घनइंचाच्या दशांश अपूर्णांकात सांगण्याची प्रथा आहे. ‘३०’ वर्गातील इंजिन म्हणजे सुमारे ५ घन सेंटिमीटर, ‘५०’ म्हणजे सुमारे ८, ‘६०’ म्हणजे सुमारे १० आणि ‘९०’ म्हणजे सुमारे १५ घन सेंटिमीटर. आकार वाढतो तशी टॉर्कची गरज वाढते. शिवाय हेलिकॉप्टरची इंजिने त्याच आकाराच्या विमानाच्या इंजिनांपेक्षा बहुधा अधिक दाबाची असतात. म्हणून विमानाचे ‘६०’ इंजिन सहज फिरवणारा स्टार्टर हेलिकॉप्टरच्या ‘९०’ इंजिनापुढे हतबल होतो. खरेदी करताना ‘अमुक वर्गापर्यंत चालतो’ असे लिहिलेले असते. ते बहुधा विमानाच्या इंजिनासाठी असते, हे ध्यानात घेऊन एक पायरी वरचा स्टार्टर घ्यावा.

इंधनाचाही येथे संबंध येतो. भारतात नायट्रोमिथेन सहज मिळत नसल्याने बरेच छांदिष्ट मिथेनॉल आणि एरंडेल यांचे साधे मिश्रण वापरतात. देशातील एरंडीच्या उत्पादनात गुजरात अग्रेसर असल्याने सुरतेस चांगले एरंडेल मिळणे अवघड नाही. एरंडेलाचे वंगणगुण उत्तम असले, तरी थंडीच्या सकाळी ते घट्ट होते आणि अनेक दिवस न वापरलेल्या इंजिनात चिकटून बसते. असे इंजिन फिरवण्यास पहिल्या क्षणी नेहमीपेक्षा बराच अधिक जोर लागतो. इंजिन ‘जाम’ वाटले, तर स्टार्टर लावण्यापूर्वी ते किंचित गरम करून, शीतक पंख्याला धरून बोटाने हळूहळू फिरवून मोकळे करावे.

थेट मोटर की दंतचक्राची?

बाजारातील स्टार्टरांत कायम चुंबकाची, ब्रश असलेली एकदिश प्रवाहाची मोटर असते. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात मोटरीचा दांडा थेट पुढील शंकूला किंवा दांड्याला जोडलेला असतो. रचना साधी, भाग कमी, वेग जास्त. मात्र टॉर्क मिळवण्यासाठी प्रवाह भरपूर लागतो. दुसऱ्या प्रकारात मधे दंतचक्रे घालून वेग कमी व टॉर्क अधिक केलेला असतो. तो कमी प्रवाहात मोठे इंजिन फिरवतो, परंतु वजनदार असतो आणि त्याचे दात झिजतात. ‘३०’ ते ‘५०’ वर्गासाठी चांगला थेट स्टार्टर पुरेसा होतो. ‘९०’ साठी मोठ्या टॉर्कची थेट मोटर किंवा दंतचक्राचा स्टार्टर घेणे श्रेयस्कर.

हेलिकॉप्टरमध्ये स्टार्टर जोडण्याच्या पद्धतीही दोन आहेत. काही जुन्या मॉडेलांत शीतक पंख्याच्या मध्याला रबरी शंकू टेकवून इंजिन फिरवतात. बहुतेक नव्या मॉडेलांत सांगाड्याच्या वरून एक षट्कोनी दांडा आत घालतात. तो आतील खोबणीत बसतो आणि वन-वे बेअरिंगमार्फत इंजिनाचा दांडा फिरवतो. ६ मिलिमीटरचा षट्कोन सर्वाधिक प्रचलित आहे, तरी खरेदीपूर्वी आपल्या मॉडेलाची खोबण मोजावी. दांड्याची लांबी इतकी असावी की स्टार्टरचे अंग आणि ते धरणारा हात रोटरच्या मस्तकापासून व पात्यांपासून दूर राहील. दांडा स्टार्टरच्या अक्षाशी सरळ रेषेत हवा. तो वाकडा बसला तर फिरताना डुलतो आणि काही महिन्यांत वन-वे बेअरिंग निकामी करतो.

फिरण्याची दिशा हा नवशिक्यांचा नेहमीचा गोंधळ. शंकूने सुरू होणाऱ्या मॉडेलात दिशा चुकल्यास इंजिन उलटे फिरते. षट्कोनी दांड्याच्या मॉडेलात वन-वे बेअरिंग पकडतच नाही आणि स्टार्टर नुसता घरघरतो. कायम चुंबकाच्या मोटरीत बॅटरीची धन व ऋण टोके अदलाबदल केली की दिशा उलटते. म्हणून जोडणीची टोके एकदा निश्चित करून लाल व काळ्या रंगांनी खुणावणे आणि उलट बसणारच नाहीत असे कनेक्टर लावणे हाच कायमचा उपाय.

चार्जिंगवर चालणारे ड्रिल यंत्र षट्कोनी दांडा लावून स्टार्टर म्हणून वापरण्याची युक्तीही रूढ आहे. ‘३०’ आणि ‘५०’ वर्गांत ती बऱ्यापैकी चालते. दोन मर्यादा मात्र ओळखाव्यात. ड्रिलचा वेग खऱ्या स्टार्टरपेक्षा कमी असतो, त्यामुळे इंधनाचे मिश्रण नीट बसलेले नसेल तर इंजिन पेट घेण्यास वेळ लावते. तसेच पुष्कळ मॉडेलांसाठी ड्रिल उलट दिशेने चालवावे लागते आणि त्या दिशेने जोर पडला की हाताने आवळायची चक सैल होऊ शकते. दर वेळी ती तपासून आवळणे भाग आहे.

बॅटरी : साठ्यापेक्षा अंतर्गत रोध महत्त्वाचा

स्टार्टर चालत नाही म्हणून मोठी बॅटरी आणली, तरीही तो चालला नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. त्यामागील कारण साध्या हिशोबात सापडते. एका वेळी ३ सेकंद स्टार्टर चालला आणि त्याने ३० अँपिअर ओढले असे धरू. हे झाले ९० अँपिअर-सेकंद, म्हणजे अवघे ०.०२५ अँपिअर-तास. दिवसभरात २० वेळा इंजिन सुरू केले तरी एकूण खर्च अर्धा अँपिअर-तास. यूपीएसमध्ये वापरली जाणारी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी या हिशोबाने कितीतरी दिवस पुरायला हवी. तरीही ती कमी पडते, कारण अडचण साठ्याची नसून क्षणात मोठा प्रवाह देण्याच्या क्षमतेची असते. बॅटरीवर छापलेले ७ अँपिअर-तास हे २० तासांत, म्हणजे ०.३५ अँपिअरच्या मंद प्रवाहाने मोजलेले असतात. प्रवाह वाढवल्यास शिसे-आम्ल बॅटरीची प्रत्यक्ष क्षमता घटते, हे जर्मन संशोधक विल्हेल्म प्यूकर्ट यांनी १८९७ मध्येच दाखवून दिले होते.

खरा निर्णायक घटक म्हणजे परिपथातील एकूण रोध. उदाहरणादाखल, मोटरीचा रोध ०.१५ ओहम, नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०२५, तारांचा ०.०२ आणि जोडण्यांचा ०.००५ ओहम घेतला, तर बेरीज ०.२० ओहम होते. दाबाच्या टप्प्यावर मोटर क्षणभर थांबली की १२ भागिले ०.२०, म्हणजे ६० अँपिअर प्रवाह मिळतो. आता तीच मोटर दोन वर्षे जुन्या बॅटरीला (०.१० ओहम), बारीक तारेने (०.०५) आणि गंजलेल्या क्लिपांनी (०.०२) जोडली, तर एकूण रोध ०.३२ ओहम होतो आणि प्रवाह ३७.५ अँपिअरवर येतो. अशा मोटरीचा टॉर्क प्रवाहाच्या प्रमाणात असतो. म्हणजे मोटरीला हातही न लावता तिचा जोर ३८ टक्क्यांनी कमी झाला. मोठ्या इंजिनापुढे हाच फरक यश आणि अपयश ठरवतो.

बॅटरीचे पर्याय चार आहेत.

पहिला, सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी. स्वस्त, सर्वत्र उपलब्ध, उलटी पडली तरी सांडत नाही. वजन दोन किलोंच्या वर. दर वापरानंतर चार्ज करायची असल्यास १४.४ ते १४.७ व्होल्ट आणि सतत जोडून ठेवायची असल्यास १३.५ ते १३.८ व्होल्टचा चार्जर योग्य. चार्जिंगचा आरंभीचा प्रवाह ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी सुमारे २ अँपिअरपेक्षा अधिक नसावा. रिकामी ठेवल्यास तिच्यात सल्फेटचे थर जमून ती लवकर मरते. उष्णता हाही तिचा शत्रू आहे: तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य अंदाजे निम्मे होते असा ढोबळ नियम आहे. सुरतेचा मे महिना किंवा गोव्यातील बंद मोटारीची डिकी या दोन्ही जागा तिच्यासाठी वाईट.

दुसरा, दुचाकीची १२ व्होल्टची बॅटरी. ती मुळातच स्टार्टर फिरवण्यासाठी घडवलेली असल्याने यूपीएसच्या बॅटरीपेक्षा क्षणिक प्रवाह चांगला देते. ज्यांच्या गाडीत वजनाची अडचण नाही, त्यांच्यासाठी हा किफायतशीर पर्याय आहे.

तिसरा, लिथियम पॉलिमर. तीन सेलांचा पॅक नाममात्र ११.१ व पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट देतो. चार सेलांचा १४.८ व १६.८. क्षमता व ‘सी’ अंक यांच्या गुणाकाराने कमाल प्रवाह कळतो: २२०० मिलिअँपिअर-तास आणि २५ सी म्हणजे ५५ अँपिअर. छापलेला सी अंक बहुधा आशावादी असतो, म्हणून थोडा वाव ठेवावा. अशा तीन सेलांच्या पॅकचे वजन शिसे-आम्ल बॅटरीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते आणि तो स्टार्टरच्याच अंगावर बांधता येतो; लोंबणारी तार संपते आणि तारेतील व्होल्टघटही. परंतु स्टार्टरमध्ये बॅटरी तोडणारे संरक्षण नसते. सेल ३.३ व्होल्टखाली जाऊ नये म्हणून काही रुपयांत मिळणारा व्होल्टसूचक भोंगा लावणे आवश्यक. पॅक फुगला, दबला किंवा टोचला गेला तर तो पुन्हा वापरू नये. चार्जिंग लक्ष ठेवून, ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर करावे; साठवण दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास करावी.

चौथा, लिथियम आयर्न फॉस्फेट. चार सेलांचा पॅक १२.८ व्होल्टचा असल्याने १२ व्होल्टच्या स्टार्टरशी तो चपखल जुळतो. आग लागण्याची भीती लिथियम पॉलिमरच्या तुलनेत बरीच कमी आणि आयुष्य दीर्घ. त्यासाठी त्याच रसायनाला अनुरूप चार्जर हवा.

व्होल्ट वाढवावेत का?

१२ व्होल्टचा स्टार्टर चार सेलांच्या पॅकवर चालवण्याची पद्धत सर्रास आहे. व्होल्ट १२ वरून १४.८ केले की वेग व थांबलेल्या स्थितीतील प्रवाह सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, मात्र तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे दीडपट होते. दोन-तीन सेकंदांच्या वापराला ती मोटर सहसा सहन करते. सहा सेलांचा, २२.२ व्होल्टचा पॅक लावला तर हीच उष्णता जवळजवळ साडेतीनपट होते. २४ व्होल्टसाठी घडवलेल्या मोटरीखेरीज हा प्रयोग करू नये. ब्रश जळतात, कॉम्युटेटर काळवंडतो, आणि एकदा स्विच चिकटला तर मोटर काही सेकंदांत धूर सोडते. जोर कमी पडत असेल तर प्रथम तारा व जोडण्या सुधाराव्यात. तेथेच बहुतेकांना हवा तो फरक सापडतो.

तारा, स्विच आणि फ्यूज

तांब्याच्या तारेचा रोध तिच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. बॅटरी ते स्टार्टर अंतर दीड मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३ मीटर तार धरली आणि प्रवाह ४० अँपिअर घेतला, तर १ चौरस मिलिमीटरच्या घरगुती तारेत सुमारे २ व्होल्ट वाया जातात. २.५ चौरस मिलिमीटरमध्ये ०.८ व्होल्ट आणि ६ चौरस मिलिमीटरमध्ये जेमतेम ०.३५ व्होल्ट. १२ पैकी २ व्होल्ट वाटेतच गमावणे हे कुठल्याही स्टार्टरला परवडणारे नाही. तार लहान व जाड ठेवावी, बारीक तंतूंची लवचीक घ्यावी. मगरीच्या दातांच्या क्लिपांऐवजी डाग दिलेले वा दाबून बसवलेले लग आणि मोठ्या प्रवाहाचे कनेक्टर वापरावेत.

स्टार्टरच्या अंगावरील बटण हा दुसरा कमकुवत दुवा. मोठा प्रवाह सतत जोडताना-तोडताना त्याचे संपर्क करपतात आणि कधी एकमेकांना चिकटतात. मग बोट काढले तरी मोटर फिरतच राहते. मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा स्टार्टर रिले येथे उपयोगी पडतो. लहान बटण केवळ रिलेला प्रवाह देते आणि मोठा प्रवाह रिले जोडते. बॅटरीच्या धन टोकाजवळ योग्य मापाचा फ्यूज असलाच पाहिजे. तारेचे आवरण कापले गेल्यास शॉर्टसर्किटचा प्रवाह शेकडो अँपिअरवर जातो, आणि जवळच मिथेनॉलचा कॅन असतो. दिवसाच्या उजेडात मिथेनॉलची ज्योत जवळजवळ दिसत नाही, हे विसरता कामा नये. मिथेनॉल स्वतः तीव्र विष आहे. ते पिण्याच्या बाटलीत कधीही साठवू नये, हातमोजे घालून हाताळावे आणि खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करावी.

ग्लो प्लगला मात्र १.२ ते १.५ व्होल्टच लागतात. १२ व्होल्टच्या बॅटरीची तार चुकून त्याला जोडली तर प्लग तत्क्षणी जळतो. त्यासाठी वेगळा निकेल सेल किंवा व्होल्ट नियंत्रित करणारे पॅनेल वापरावे.

दोष शोधण्याचा क्रम

स्टार्टर बिघडल्याचा निष्कर्ष काढण्यापूर्वी एक साधा मल्टीमीटर घेऊन दोन मोजमापे करावीत. इंजिन फिरवताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत. मग तेच स्टार्टरच्या टोकांवर. बॅटरीच्या टोकांवर १२ व्होल्टची प्रणाली १० व्होल्टखाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे. बॅटरी ठीक आणि स्टार्टरवर मात्र अर्ध्या-पाऊण व्होल्टपेक्षा अधिक घट दिसत असेल तर तारा, कनेक्टर किंवा स्विच दोषी. दोन्ही ठिकाणी व्होल्ट उत्तम असूनही मोटर मंद असेल तरच मोटरकडे वळावे. बाजारातील स्वस्त क्लॅम्प मीटर पुष्कळदा केवळ प्रत्यावर्ती प्रवाह मोजतात. एकदिश प्रवाह मोजणारा घ्यावा, अन्यथा आकडा दिशाभूल करील.

लक्षणे अशी वाचावीत. बटण दाबताच फक्त ‘टक्’ असा आवाज येतो आणि काही हालत नाही: रिले किंवा बॅटरी. मोटर वेगाने फिरते पण इंजिन फिरत नाही: दिशा उलटी, शंकूचे रबर गुळगुळीत झालेले, दांड्याचा स्क्रू सैल, किंवा वन-वे बेअरिंग गेलेले. इंजिन एका ठिकाणी येऊन अडते आणि पुढे सरत नाही: सिलिंडरमध्ये इंधन साचले असण्याची शक्यता. येथे जोर लावणे हीच सर्वांत महाग चूक ठरते, कारण द्रव दाबला जात नाही आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. प्लग काढावा, ग्लोची बॅटरी तोडावी, चेहरा बाजूला ठेवून इंजिन फिरवून साचलेले इंधन बाहेर टाकावे, मगच पुन्हा प्रयत्न करावा.

मोटर उघडण्याची वेळ आलीच तर ब्रशची लांबी, स्प्रिंगचा ताण आणि कॉम्युटेटरवरील काजळी पाहावी. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत कॉम्युटेटर व क्लिपा लवकर काळ्या पडतात. काळ्या वाळूसाठी ओळखल्या जाणाऱ्या डुमससारख्या किनाऱ्यावर किंवा गोव्याच्या पुळणीवर मॉडेल उडवताना स्टार्टर जमिनीवर ठेवू नये. वाळूत लोहाचे कण असतील तर मोटरीचे चुंबक ते आत ओढून घेतात. मग ते ब्रश व बेअरिंग दोन्ही खातात. ब्रश बदलणे आणि कॉम्युटेटर साफ करणे हे काम सुरतेतील कुठलाही मोटर दुरुस्तीवाला करू शकतो, फक्त चुंबकाच्या आवरणाची मूळ स्थिती खूण करून ठेवण्यास त्याला सांगावे.

सुरू करण्याची शिस्त

चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला, तेव्हा त्यामागे हँडल उलटून हात मोडण्याच्या अपघातांना आळा घालण्याची गरज होती. प्रतिकृती हेलिकॉप्टरचा स्टार्टरही माणसाचा हात फिरत्या भागापासून दूर ठेवण्यासाठीच आहे. मात्र इंजिन सुरू झाल्यानंतरचा धोका तो टाळू शकत नाही. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्वतःच्याच प्रतिकृती हेलिकॉप्टरची पाती लागून १९ वर्षांच्या एका अनुभवी तरुणाचा मृत्यू झाला. या यंत्राला खेळणे म्हणणे किती फसवे आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले.

म्हणून क्रम पाळावा. आधी ट्रान्समीटर, मग मॉडेलमधील रिसीव्हर सुरू करावा. थ्रॉटल सर्वांत खालच्या स्थितीत आहे व कार्ब्युरेटर खरोखर जवळजवळ बंद आहे, हे डोळ्यांनी पाहावे. अपघातांचे मोठे मूळ येथेच असते: थ्रॉटल उघडा राहिला तर इंजिन सुरू होताच सेंट्रिफ्यूगल क्लच पकडतो आणि पाती फिरू लागतात. एका हाताने रोटरचे मस्तक घट्ट धरावे. ग्लो जोडावा. स्टार्टरचा दांडा खोबणीत पूर्ण बसल्यावरच बटण दाबावे. फिरता दांडा आत घालू नये. दोन-तीन सेकंदांत इंजिन पेटले नाही तर थांबून कारण शोधावे आणि मोटर थंड होऊ द्यावी. इंजिन सुरू झाल्यावर बटण सोडावे, स्टार्टर थांबल्यावर दांडा काढावा, मग ग्लो काढावा. रोटरचे मस्तक न सोडता मॉडेल लोकांपासून दूर नेऊन ठेवावे आणि मागे हटल्यावरच थ्रॉटल वाढवावा. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील दोरी या वेळी अंगावर नसाव्यात. डोळ्यांवर चष्मा असावा.

कोठे उडवावे

केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी आणि डोळ्यांसमोर उडवल्या जाणाऱ्या मॉडेलांची स्वतंत्र व्याख्या आहे. विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हरित क्षेत्राची उंची २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत आहे. विमानतळाच्या अधिक जवळ परवानगीविना उड्डाण करता येत नाही. सुरतचा विमानतळ डुमस-मगदल्ला परिसरात असल्याने किनाऱ्याचा मोकळा पट्टा मोहक दिसला, तरी तो या मर्यादेत येतो. हजिऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यातही उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर क्षेत्र पाहणे अगत्याचे आहे. गोव्यात दाबोळी येथे नौदलाचा तळ आणि जानेवारी २०२३ पासून मोपा येथे दुसरा विमानतळ सुरू असल्याने या छोट्या राज्यातही मोकळी जागा निवडताना तोच नकाशा आधी उघडावा लागतो. सुरतेत आणखी एक स्थानिक दक्षता आहे: उत्तरायणाच्या दिवसांत, म्हणजे १४ जानेवारीच्या मागेपुढे, आकाश पतंगांनी भरलेले असते आणि मांजा रोटरच्या मस्तकात गुंतला की मॉडेल क्षणात कोसळते. ते दिवस इंजिन उघडून साफ करण्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

खरेदीदारासाठी थोडक्यात

प्रथम आपल्या इंजिनाचा वर्ग व खोबणीचे माप निश्चित करावे आणि त्यापेक्षा एक पायरी वरच्या क्षमतेचा स्टार्टर निवडावा. ‘५०’ वर्गापर्यंत थेट मोटर, ‘९०’ साठी अधिक टॉर्कची. घरी दुचाकीची सुस्थितीतील बॅटरी असेल तर आरंभ तिच्यावर करावा. मैदानावर दूर चालत जावे लागत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट किंवा तीन सेलांचा लिथियम पॉलिमर पॅक घ्यावा. तार ६ चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी आखूड ठेवावी, बॅटरीजवळ फ्यूज लावावा, बटणाऐवजी रिलेवर भार द्यावा. पैसे कमी असतील तर ते आधी तार आणि जोडण्यांवर खर्च करावेत. स्टार्टर वर्षानुवर्षे टिकतो, मात्र सैल क्लिपेने आणि मरायला टेकलेल्या बॅटरीने चालवलेला कोणताही स्टार्टर पहिल्याच दिवसापासून निकामी भासतो.